सुकलाल मास्तरांचा लांब सूर

सुकलाल मास्तर माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसायचे आणि माझंच गिऱ्हाईक पळवायचे. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले, पण कुणी खोकत खोकत दुकानाची पायरी चढलं, की माझी मान आपोआप ओट्याकडे वळते.

नंदुरबारजवळ रनाळ्यात आमचं मेडिकल आहे. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा किराणा होता, वडिलांनी कापड केलं, मी औषधांत पडलो. घरात मारवाडी, गल्ल्यावर अहिराणी, आणि लिहायची वेळ आली की ही शाळेतली मराठी. मास्तर मला 'शेठ' म्हणायचे. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडमास्तर. क्लॅरोनेट वाजवायचे. पाय काटकुळे आणि वर छाती रांजणासारखी. लग्नसराईत लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि सराई संपली तरी तो कोट अंगावर महिनाभर असायचाच, कारण तो काढला की मास्तरांना आपण उघडे पडल्यासारखं वाटायचं. छातीचा अभिमान तर इतका, की जगातल्या सगळ्या रोगांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. कुणी खोकल्याची बाटली मागितली की ओट्यावरून आवाज यायचाच.

"बाटली कशाले ली ऱ्हायना रे? मन्हाकडे ये, क्लॅरोनेट शिकाडस. खोकला रस्तामाच पडी जाई."

गिऱ्हाईक हसायचं, बाटली राहायची बाजूला, आणि दोघं गप्पा मारत बसायचे. मी वैतागून म्हणायचो, "मास्तर, निदान डोकेदुखीवाले तरी माझ्यासाठी सोडा."

"त्या तुम्हनाच, शेठ. आम्हना बँड वाजना का लोकेस्नं डोकं दुखसच. तुम्हना धंदा आम्हीच चालाडतस."

मी चहा सांगायचो.

त्यांच्या बायकोला सगळं गाव जिजी म्हणायचं. बाई मिरचीच्या हंगामात देठं खुडायला जायची, आणि जिभेला तिथलाच गुण लागलेला. मास्तरांच्या छातीचं कौतुक कुणी तिच्यासमोर केलं, की ती हात जोडायची. "लगीन व्हयनं तवयपासून एकच सूर ऐकी ऱ्हायनी मी. रातले घोरस तो बी त्याच पट्टीमा."

पण त्या एका सुरासाठी लोक मास्तरांचा बँड सांगायचे, हेही खरं. आमच्या भागात नवरदेव घोडीवरून मांडवाच्या दाराशी येतो. दुसरे बँडवाले तिथे सिनेमाची गाणी बडवतात. मास्तरांची रीत वेगळी. नवरदेवाचा पाय घोडीवरून जमिनीला लागला की ढोल, ताशा, झांजा सगळं बंद. एकटे मास्तर क्लॅरोनेट वर उचलायचे आणि एक सूर धरायचे. नवरदेव मांडवाचं दार ओलांडून आत जाईपर्यंत तो सूर तुटायचा नाही. एका दमात, मध्ये श्वास घ्यायचा नाही. सूर अखंड राहिला की संसार अखंड राहतो, अशी समजूत मास्तरांनीच पसरवली आणि पुढे स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवून बसले.

आता आपल्याकडची पोरं म्हणजे काय विचारता! सूर तोडायचा कसा, हाच वरातीतला खेळ होऊन बसला. मित्र नवरदेवाला मागे ओढायचे, दाराशी आडवे पडायचे. एकदा तर रनाळ्याच्याच एका नवरदेवानं ऐन सुराच्या मध्यावर खाली बसून मोजडी काढली. खडा गेला म्हणे. आधी एक मोजडी झटकली, मग दुसरी. मास्तरांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, डोळे बाहेर आले, पण सूर हलला नाही. शेवटी नवरदेवाच्या आईलाच मास्तरांची कीव आली. ती पुढे धावली आणि तिनं पोराला कानाला धरून मांडवात नेलं, एका पायात मोजडी आणि एक पाय अनवाणी. मास्तर तिथेच ढोलावर बसले. पंगत उठेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. जिजी म्हणाली, रोज एक तरी असा नवरदेव भेटला तर घरात जरा शांतता राहील.

मास्तरांना एकच मुलगा, भूषण. बँडमध्ये की-बोर्ड वाजवायचा. त्याचं लग्न कोरीट गावच्या मुलीशी ठरलं, आणि मास्तरांनी माझ्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "आजलोंग दुसरास्ना पोरेसले मांडवमा धाडं. आते मन्हा आंडोर. त्याना सूर मीच धरसू, दुसरा कोनी हात लावाना नई!" ओट्यावर तेव्हा मी आणि एक झोपलेलं कुत्रं होतं, पण भाषण गावसभेचं होतं.

आणि नेमका तेव्हा कोरोना आला. लग्न पुढे ढकललं, बँडची वाद्यं पेटाऱ्यात गेली. पहिल्या लाटेत मास्तर वाचले. दुसरी आली तेव्हा एक दिवस ओट्यावर बसून मला गोष्ट सांगत होते. नेहमीसारखंच बोलत होते, फक्त ओठ काळसर दिसले. मी बोटाला ऑक्सिमीटर लावलं. आकडा नव्वदच्या पुष्कळ खाली. मी जीप सांगितली. मास्तर मात्र म्हणाले, "याना सेल उतरी गया, शेठ. जुनं मशीन शे." मी ते माझ्या बोटाला लावून दाखवलं, आकडा बरोबर आला. तेव्हा म्हणाले, "मंग ते मारवाडीसलेच चालत व्हई." त्या हसण्यातच आम्ही त्यांना जीपमध्ये घातलं.

नंदुरबारच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. परत आले ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. लाल कोट खुंटीवरून काढून अंगात घातला, तर आत आणखी एक मास्तर मावले असते. चार पावलं चालले की धाप, दोन वाक्यं बोलले की कोरडा खोकला. जिजीनं मिरचीची देठं खुडायला जाणं सोडलं. तिखटाचा कणसुद्धा घरात नको म्हणून लुगडी दोन-दोनदा धुतली. तोंडानं मात्र तिचं चालूच होतं.

पुढच्या तपासणीला मीही बरोबर गेलो. छातीच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि समजावून सांगितलं. विषाणू गेला, पण जाताना फुफ्फुसाला जखमा करून गेला. भाजल्यावर कातडी जशी ताठर होते, तसे फुफ्फुसाचे काही भाग ताठरलेत. ते फुगत नाहीत, म्हणून हवा आत गेली तरी रक्ताला पुरत नाही. फायब्रोसिस म्हणतात त्याला. सगळ्यांना होत नाही, काहींचं कालांतरानं सुधारतं, पण जे घट्ट झालं ते पुन्हा मऊ होईलच असं नाही.

मास्तरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, माले ऐकू द्या."

"काय, काका?"

"मन्ही छाती."

डॉक्टर हसल्या, पण त्यांनी नळी मास्तरांच्या कानाला लावली आणि दुसरं टोक त्यांच्याच पाठीवर धरलं. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. नवीन क्लॅरोनेट विकत घेताना ऐकायचे, अगदी तसेच. खोल श्वास घेतला की आत किरकिर होत होती, ती त्यांनी दोन-तीनदा ऐकली.

"रीड फाटेल शे," ते म्हणाले. क्लॅरोनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती चिरली की सूर किरकिरतो. "बदली करता येत नई का, बाई?"

"नाही, काका. ही बदलता येत नाही. पण जी चांगली आहे तिला वळण लावता येतं."

मास्तर उठले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये एक शब्द बोलले नाहीत. इतक्या वर्षांत माणूस गप्प बसावा म्हणून मी काय काय नवस केले असतील, पण त्या दिवशी ते गप्प बसले तर मला सहन होईना.

डॉक्टरांनी व्यायामाला ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलं होतं. प्लास्टिकची पारदर्शक डबी, तीन कप्पे, प्रत्येकात रंगीत गोळी आणि बाजूला नळी. नळी तोंडात धरायची आणि हवा आत ओढायची, की गोळ्या वर चढतात. क्लॅरोनेट इतक्यात नाही म्हणाल्या. आधी तिन्ही गोळ्या चढू देत, मग बघू.

एवढंच हवं होतं. आठवडाही झाला नाही तोच गावात बातमी फिरली की मास्तरांनी तिन्ही गोळ्या चढवल्या! दूधवाल्यानं सांगितलं, सलूनवाल्यानं सांगितलं. दुपारच्या वेळी लोक खिडकीतून बघायला जायचे. मास्तर खाटेवर पाठमोरे बसून गोळ्या चढवायचे आणि लोक टाळ्या द्यायचे. कोरीटला निरोप गेला, तारीख काढा. मी मनात म्हटलं, काय छाती आहे बुवा! फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. गोळ्या चढत होत्या आणि धाप होती तिथेच होती.

एका दुपारी मी गोळ्यांची पाकिटं, म्हणजे माझ्या दुकानातल्या, द्यायला घरी गेलो. मास्तरांचं लक्ष नव्हतं. बघतो तर यंत्र हातात उलटं! तळ वर आणि डोकं खाली, आणि मास्तर गाल फुगवून नळीत फुंकतायत. उलट्या डबीत फुंकलं की गोळ्या चढतातच. त्याला फुफ्फुस फुगावं लागत नाही, गाल पुरतात. आणि गाल तर मास्तरांचे जन्मभराचे कमावलेले.

"मास्तर!" मी ओरडलो.

ते दचकले, मग माझ्यावरच उखडले. "सुलटं धरं तं एक बी गोई हालत नई. कंपनीनीच उलटं बनाई दिन्हं!"

"अहो, ओढायचं असतं. फुंकायचं नसतं."

जिजी चुलीपाशी बसली होती, ती उठून आली. तिनं यंत्र हातात घेतलं, पुसलं, सुलटं केलं, नळी तोंडात धरली आणि ओढली. तिन्ही गोळ्या टक् टक् टक् करत डबीच्या छताला लागल्या. एरवी अशा संधीवर जिजीनं आठवडा काढला असता. त्या दिवशी ती काही बोलली नाही. यंत्र नवऱ्याच्या हातात दिलं, सुलटं.

मास्तरांनी ओढलं. पहिली गोळी जागची हलली, थरथरली आणि तशीच बसली. पुन्हा ओढलं. खोकला आला. मग यंत्र मांडीवर ठेवून ते म्हणाले, "शेठ, माले जनमभर हवा फुकी देवानं काम. ओढी लेवानं कोनी शिकाडंच नई." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही रडू आलं. मी औषधाची पिशवी चाचपत राहिलो.

त्या दिवसापासून जिजी मास्तर झाली आणि मास्तर विद्यार्थी. विद्यार्थी कसला, उनाड कार्टंच. यंत्र लपवून ठेवायचे, फिरायला निघाले की वाटेत कुणाच्याही ओट्यावर बसायचे. जिजी काठी घेऊन मागे. "उठा! आंडोरनं लगीन करनं शे का नई?" एवढं म्हटलं की उठायचे. गल्लीच्या टोकापर्यंत, मग मारुतीपर्यंत, मग माझ्या दुकानापर्यंत. ज्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी परत माझ्या ओट्यावर येऊन बसले, त्या दिवशी खोकल्याच्या औषधाचं एक गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. मला इतका आनंद झाला की मी त्या गिऱ्हाइकालाही चहा पाजला.

पण फाटलेलं फाटलेलंच होतं. एक गोळी चढायची, बऱ्या दिवशी दुसरी उसळी मारायची. तिसरी कधीच हलली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "एवढं आलं हेही खूप आहे, काका. क्लॅरोनेट थोडं चालेल. बसून, आणि दम लागायच्या आत थांबायचं." मास्तरांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसऱ्याच्या वेळी खिडकीबाहेर बघत होते.

भूषणनं मला एकट्याला गाठून सांगितलं, "शेठ, बाबांना सांगा ना, दुसऱ्या कुणाला तरी सूर धरू द्या. माझ्या लग्नात त्यांना काही झालं तर?" मी सांगून बघितलं. मास्तर म्हणाले, "मंग लगीन बी दुसराच कोनी करी ल्यो."

निर्बंध उठल्यावर कोरीटला लग्न झालं. मास्तरांना जीपमधून नेलं, सोबत ऑक्सिजनची टाकी. मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकली. नाकात नळी, अंगात तो ढगळ लाल कोट, मांडीवर क्लॅरोनेट. दारात निरांजन घेऊन उभ्या असलेल्या बायकांना मी लांब उभं केलं, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत नको. त्या माझ्याकडे रागानं बघत होत्या.

वरात आली. भूषणनं आधीच ठरवलं होतं. घोडीवाल्याला सांगून घोडी थेट दाराला टेकवायची, म्हणजे उतरलं की एक पाऊल आणि आत. घोडी तशी पुढे येऊ लागली. मास्तरांनी ते बघितलं आणि क्लॅरोनेट काठीसारखं उगारलं.

"घोडी मांगे ल्या! जठे उभी ऱ्हास तठेच उभी करा!"

कुणाची छाती होती नाही म्हणायची? घोडी मागे गेली. दारापासून तिथपर्यंतचं अंतर आता मला शेतासारखं लांब दिसायला लागलं. जिजी नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी होती, तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मास्तरांनी नाकातली नळी काढून जिजीच्या हातात दिली. ती म्हणाली, "ऱ्हावू द्या ना, नाकमाच तं शे." तर म्हणाले, "नई. नळी लाईसन वाजाडं तं लोके म्हंतीन, मशीन वाजाडस."

भूषणचा पाय जमिनीला लागला. ढोल थांबला. मास्तरांनी खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, बसूनच क्लॅरोनेट ओठांना लावलं आणि सूर धरला. आवाज बारीक होता, कडेनं थोडा किरकिरत होता, पण होता मास्तरांचाच. मांडवातली कुजबूज थांबली. मी मास्तरांच्या मानेच्या शिरा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, चल रे भूषण, चल.

आणि भूषण पळाला. फेटा, बाशिंग, खांद्यावरचा शेला, सगळ्यासकट तो पोरगा जिवाच्या आकांतानं धावत सुटला. हातातल्या कट्यारीच्या टोकावरचं लिंबू उडून कुणाच्या तरी डोक्यात बसलं. जे मित्र इतकी वर्षं नवरदेवांना मागे ओढत आले, तेच दोन्ही बाजूंनी गर्दी हटवत ओरडत होते, "पय, पय, भूषण पय!" निरांजनवाल्या बाया किंचाळून बाजूला झाल्या. तो दार ओलांडून आत जाऊन एका खांबाला धडकून थांबला, आणि तेवढ्यात सूर तुटला.

आधी तुटला की नंतर, यावर कोरीटमध्ये अजून वाद आहे. मी सांगतो, नंतर.

 मास्तरांना भूषणची चलाखी कळली नसेल? सूर धरणाऱ्याची नजर दुसरीकडे असतेच कुठे, नवरदेवाच्या पायांवरच ना. जिजी घाईघाईनं त्यांच्या नाकाला नळी लावत होती. मास्तरांची छाती भात्यासारखी चालली होती, कपाळ घामानं डबडबलं होतं. त्यांनी जिजीचा हात बाजूला सारला आणि मांडवात बघितलं. आत भूषण गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता, बाशिंग एका कानावर, आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत होता.

मास्तरांनी माझा कोट ओढला. प्रत्येक शब्दापाशी थांबत, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "दखा शेठ... धाप... त्याले लागनी!"

आणि हसायला लागले.